कॉपी (पोस्टग्रेसक्यूएल आज्ञा)

कॉपी ही पोस्टग्रेसक्यूएल या मुक्त स्रोत विदागार व्यवस्थापन प्रणालीतील एक आज्ञा आहे. सारणीतील विदा संचिकेत निर्यात करणे आणि संचिकेतील विदा सारणीत आयात करणे ही दोन्ही कामे तिच्याद्वारे होतात. एसक्यूएलच्या मानकात अशी आज्ञा नाही. त्यामुळे तिची वाक्यरचना कशी असावी हे पोस्टग्रेसक्यूएलच्या विकसकांनीच ठरवले आणि काळानुरूप बदललेही. मात्र नवी रचना आणताना जुनी रचना मोडली नाही, हे या आज्ञेचे वैशिष्ट्य मानता येईल. (आज्ञांमधील मूळ इंग्रजी शब्द या लेखात देवनागरीत दिले आहेत.)

वाक्यरचनेचा इतिहास

आवृत्ती ७.३ पूर्वी 'बायनरी' हा शब्द सारणीच्या नावाच्या आधी लिहिला जात असे आणि विभाजक चिन्ह सांगण्यासाठी 'युझिंग डिलिमिटर्स' अशी जोडी वापरली जाई. ७.३ मध्ये हे पर्याय आज्ञेच्या शेवटी, 'विथ' या शब्दानंतर आले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८.० या आवृत्तीत सीएसव्ही हा प्रकार आला, तर त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ८.१ मध्ये पहिल्या ओळीत स्तंभांची नावे देणारा 'हेडर' हा पर्याय आला.

निर्यातीच्या दृष्टीने मोठा बदल २००६ मधील ८.२ या आवृत्तीत झाला. तोपर्यंत केवळ पूर्ण सारणी किंवा तिचे निवडक स्तंभ बाहेर काढता येत. काही ठरावीक ओळीच हव्या असल्यास आधी तात्पुरती सारणी तयार करावी लागे. ८.२ पासून सारणीच्या नावाच्या जागी कंसात संपूर्ण 'सिलेक्ट' प्रश्न लिहिता येऊ लागला.

कंसातील पर्याय

पर्याय वाढू लागले तशी जुन्या रचनेतील अडचण स्पष्ट झाली. तिच्यात प्रत्येक पर्याय हा व्याकरणाचा भाग होता. एखादा नवा पर्याय आणायचा तर तो शब्द आज्ञेची रचना तपासणाऱ्या भागाला, म्हणजे पार्सरला, स्वतंत्रपणे शिकवावा लागे. सप्टेंबर २०१० मधील ९.० या आवृत्तीत यावर सर्वसाधारण तोडगा निघाला. जुन्या पद्धतीने जे असे लिहिले जाई:

कॉपी ग्राहक टू '/tmp' ऐवजी दिलेला संचिकेचा पत्ता विथ सीएसव्ही हेडर

ते नव्या पद्धतीने पुढीलप्रमाणे लिहिले जाते:

कॉपी ग्राहक टू संचिकेचा पत्ता विथ (फॉरमॅट सीएसव्ही, हेडर)

कंसातील मजकूर म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेल्या नाव व मूल्य यांच्या जोड्या. नाव ओळखीचे आहे की नाही हे पार्सर पाहत नाही. ती तपासणी नंतर, कॉपीच्या स्वतःच्या संकेतात होते. त्यामुळे पर्यायाच्या नावात चूक झाल्यास वाक्यरचनेच्या मोघम त्रुटीऐवजी तो पर्याय ओळखता आला नाही असा नेमका संदेश मिळतो. याच आवृत्तीत 'एक्सप्लेन' या आज्ञेलाही कंसातील पर्याय मिळाले.

जुन्या रचनेला आधार

दोन्ही रचना एकत्र नांदू शकतात याचे कारण साधे आहे. जुन्या रचनेत 'विथ' नंतर कंस कधीच येत नसे. स्तंभांची यादी कंसात असते, पण ती सारणीच्या नावालगत येते. त्यामुळे संदिग्धता उरत नाही. जुने शब्द आढळल्यास पार्सर त्यांच्यापासून नाव व मूल्यांच्या तशाच जोड्या तयार करतो आणि पुढचा सारा संकेत दोहोंसाठी एकच असतो. ७.३ पूर्वीची रचनाही अद्याप स्वीकारली जाते.

हा केवळ जुन्या सवयींचा मान राखण्याचा प्रश्न नव्हे. पीजी_डंप या साधनाने घेतलेल्या साध्या मजकुराच्या प्रतीत प्रत्येक सारणीचा विदा कॉपी आज्ञेच्या खाली लिहिलेला असतो. वाक्यरचना मोडली तर कपाटात पडून असलेली जुनी प्रत ऐनवेळी पुनःस्थापित होणार नाही. असा प्रसंग एका पर्यायाबाबत आलाही: २०१९ मधील १२ व्या आवृत्तीत ओआयडी हे छुपे स्तंभ काढून टाकण्यात आले व त्यासोबत कॉपीमधील 'ओआयडीज' हा पर्यायही गेला. तो वापरून घेतलेल्या प्रती नव्या सर्व्हरवर जशाच्या तशा चालत नाहीत.

पीएसक्यूएल या आज्ञापटलावरील साधनात उलट्या तिरक्या रेघेने सुरू होणारी कॉपी आज्ञा आहे. मूळ कॉपी सर्व्हरच्या संगणकावर संचिका लिहिते व त्यासाठी विशेष अधिकार लागतात. ही दुसरी आज्ञा वापरकर्त्याच्या संगणकावर लिहिते. सर्व्हरच्या आवृत्तीनुसार पर्यायांची रचना बदलत असल्याने पीएसक्यूएल त्यांचा अर्थ लावण्याच्या भानगडीत पडत नाही. संचिकेच्या नावापुढचा मजकूर ते जसाच्या तसा सर्व्हरकडे धाडते. त्यामुळे नवा पर्याय आला तरी या साधनात बदल करावा लागत नाही.

नंतरची भर

९.१ मध्ये 'एन्कोडिंग' हा पर्याय आला. २०१३ मधील ९.३ पासून संचिकेऐवजी 'प्रोग्राम' लिहून विदा थेट दुसऱ्या आज्ञावलीकडे, उदाहरणार्थ संक्षेपण करणाऱ्या जीझिपकडे, सोपवता येतो. आवृत्ती १५ मध्ये 'हेडर' साध्या मजकूर प्रकारालाही लागू झाला, तर आयातीच्या वेळी स्तंभांची नावे जुळतात का हे पाहणारे 'मॅच' हे मूल्य मिळाले. १६ मधील 'डीफॉल्ट' आणि १७ मधील 'ऑन_एरर' हे पर्याय आयातीसाठीच आहेत.

देवनागरी विदा

देवनागरी मजकूर निर्यात करताना 'एन्कोडिंग' स्पष्टपणे देणे हिताचे ठरते. तो न दिल्यास जोडणीचे त्यावेळचे वर्णसंकेतन वापरले जाते आणि ते लॅटिन१ असल्यास आज्ञा त्रुटी देऊन थांबते. यूटीएफ-८ मध्येही संचिकेच्या आरंभी बीओएम ही खूण लिहिली जात नाही. त्यामुळे काही स्प्रेडशीट आज्ञावली अशी सीएसव्ही संचिका थेट उघडल्यास अक्षरे विस्कटलेली दाखवतात. विदा मात्र शाबूत असतो. विभाजक चिन्ह एकाच बाइटचे असावे लागते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी दंड तीन बाइटचा असल्याने तो विभाजक म्हणून चालत नाही.

सीएसव्ही प्रकारात रिकामे अवतरण म्हणजे रिकामा मजकूर, तर अवतरणाविना सोडलेली जागा म्हणजे 'नल', असा भेद केला जातो. अन्य साधने हा भेद पाळतीलच असे नाही.

अन्य प्रणाली

डकडीबी या मुक्त स्रोत विदागारातही कंसातील पर्यायांची हीच धाटणी आढळते. तेथे 'फॉरमॅट' या पर्यायाला 'पार्के' हे मूल्य देऊन स्तंभाधारित संचिका निर्यात करता येतात.