सेल्फ नुसता 'टक' करतो? आधी अर्थिंग बघा

शेजारच्या काकांची वीस वर्षं जुनी गाडी परवा अडली. चावी फिरवली की नुसतं 'टक'. काका नवी बॅटरी आणायला निघालेच होते.

मल्टिमीटर लावला. 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. सेल्फ मारतानाही 10 च्या खाली उतरली नाही.

मग गिअर न्यूट्रलला ठेवून एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी थेट इंजिनच्या उघड्या धातूवर धरली. काकांनी सेल्फ मारला. इथे 0.2 च्या आसपास दिसायला हवं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की अर्थिंगमध्ये अडथळा समजायचा. आम्हाला तब्बल 3 दिसले!

अर्थची पट्टी बोल्टाखाली गंजली होती. पॉलिश पेपरने घासली, घट्ट आवळली, वरून पेट्रोलियम जेली. पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू!

तुमच्या गाडीचं लक्षण काय? लिहा, मिळून शोधू.