इंटेल की एएमडी? आधी हिशोब, मग भांडण!

होस्टेलमध्ये कुणी नवीन पीसी घ्यायचा म्हटलं की मेसच्या टेबलावर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक इंटेलवाल्यांची, दुसरी एएमडीवाल्यांची. भांडण मस्त रंगतं, पण पैसे घरचे असतात. आपल्या वाशीम जिल्ह्यात तर बऱ्याच घरी ते सोयाबीन विकून आलेले असतात. म्हणून थोडा हिशोब करू या.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणे. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले मल्टिप्लायर. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए चा मल्टिप्लायर ४.५ होता. बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० ची चिप ४५० वर जायची. २००३ च्या अ‍ॅथलॉन एक्सपी २५००+ ची बस १६६ वरून २०० केली की महागड्या ३२००+ चा २.२ गिगाहर्ट्झ वेग मिळायचा. सगळ्याच नाही, पण बऱ्याच चिप्स हे सहन करायच्या. सिनियर लोकांचे किस्से खोटे नाहीत!

आता मात्र चिप स्वतःच 'बूस्ट' होऊन बराचसा जास्तीचा वेग वापरून टाकते. आपल्यासाठी उरतं थोडं, आणि त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. विजेचा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही १० टक्के वाढवले तर १.१ × १.१ × १.१ = १.३३, म्हणजे ३३ टक्के जास्त उष्णता! साधा पंख्याचा कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. २५ अंशांच्या एसी लॅबमधला प्रयोग मे महिन्यात आपल्या ४२ अंशांच्या खोलीत केला, तर १७ अंशांची सवलत आधीच गेलेली असते.

आता २०२२ मध्ये आलेल्या दोन चिप्स बघा: कोअर आय५-१२४०० आणि रायझन ५ ५६००. दोघींत ६ कोअर, १२ थ्रेड, ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत बूस्ट. रोजच्या कामात फरक जाणवणं कठीण. रायझनचा मल्टिप्लायर खुला आहे, १२४०० चा बंद. इंटेलमध्ये मल्टिप्लायर बदलायचा तर 'के' अक्षराची चिप आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो, दोन्ही महाग.

पण खरी मेख वेगळीच आहे. माझ्या रूममेटने थोडे पैसे वाचतात म्हणून 'एफ' अक्षराची चिप आणली. पीसी चालू, स्क्रीन काळी! 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५६०० मध्येही नाही, ५६००जी मध्ये आहे. शेवटी ग्राफिक्स कार्डासाठी त्याला घरी फोन करावा लागला. तो फोन करताना त्याचा चेहरा बघवत नव्हता.

तर मित्रहो, गेमिंगसाठी वेगळं कार्ड घेणार नसाल तर ग्राफिक्सवाली चिप घ्या. दोन्ही कंपन्यांचे भाव मदरबोर्ड आणि रॅम धरून विचारा, एकट्या चिपचे नको. उरलेले पैसे एसएसडी, चांगला एसएमपीएस आणि यूपीएसमध्ये घाला. सबमिशनच्या आदल्या रात्री लाईट गेली की ओव्हरक्लॉकिंग नाही, यूपीएसच कामाला येतो!