कमावलेलं कातडं

2005 च्या एप्रिलमध्ये वडील गेले आणि माळ्यावरची त्यांची बॅग खाली आली. त्यांची सगळी नोकरी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर झाली. पैठणहून निघालेलं पाणी परभणीच्या रानापर्यंत पोचवायचं, म्हणजे मोजमापं, नकाशे, शेतकऱ्यांचे अर्ज. हे सगळं त्या तपकिरी चामडी बॅगेतून गावोगाव हिंडलं होतं. बॅग धुळीनं माखलेली होती, कडक झाली होती. मी तिला वाटीभर खोबरेल तेल चोळलं आणि गच्चीवर उन्हात ठेवली. संध्याकाळी ती काळवंडून गेली होती. पट्टा उचलला तर मधोमध तडकला. वडिलांची मूठ जिथं पडायची तो गुळगुळीत, उजळ पडलेला भाग तेलाच्या डागाखाली कायमचा गेला.

बस स्टँडजवळ लिंबाखाली एक चर्मकार बसायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. दुसऱ्या दिवशी बॅग त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती नाकाला लावली, पट्ट्याची तुटलेली कड नखानं खरवडली आणि म्हणाले, "कमावलेलं चांगलंय हो बाई. तुम्ही घाई केली."

कातडं कमावणं हा शब्द तेव्हा मला नीट ऐकू आला. त्याला आज वीस वर्षं झाली. या वीस वर्षांत माझ्याकडे त्रेसष्ट जुन्या चामडी बॅगा जमल्या. त्या जमवताना जे शिकले ते पुष्कळसं त्या एका शब्दाभोवतीच फिरतं.

मामांचे वडील मोटा शिवायचे. विहिरीवर डिझेल इंजिनं आणि विजेचे पंप येण्याआधी परभणी जिल्ह्यातलं बागायत चामड्याच्या मोटेवर चालायचं. ढोर समाजातली माणसं कातडं कमवायची, चर्मकार ते शिवायचे आणि सुगीला बलुतं म्हणून धान्य मिळायचं. कमावण्याची गावठी रीत मला मामांनी सांगितली. कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस आणि आतलं मांस खरवडून काढायचं. मग त्याचीच पिशवी शिवायची, तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा घातलेलं पाणी भरायचं आणि ती टांगून ठेवायची. पाणी कातड्यातून झिरपत राहतं, खाली साठलेलं पुन्हा वरून ओतायचं, काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची. म्हणजे चामड्याची पहिली पिशवी ते कमावतानाच होते! आपल्याकडे माळावर, रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांचा तरवड दिसतो, त्याची सालही याच कामाची. या सगळ्याला कित्येक आठवडे जातात. क्रोमच्या क्षारांनी हेच काम एक-दोन दिवसांत होतं, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जगभर क्रोम चामडं पसरलं. जुनी बॅग हाती आली की मी आधी कापलेली कड बघते. सालीत कमावलेलं चामडं आरपार तपकिरी असतं, क्रोमच्या चामड्याच्या पोटात बहुतेकदा निळसर राखाडी रेघ दिसते. पुढचा सगळा इलाज यावर ठरतो.

पहिली पाच-सात वर्षं मी फक्त गोळा करत होते. शाळेतून सुटले की शनिवार बाजारातली भंगाराची दुकानं, सुट्टीत सेलू, मानवत, गंगाखेड. कंडक्टरची पैशांची बॅग मिळाली, आतलं अस्तर नाण्यांनी काळं पडलेलं. मराठवाड्यात सरकारी बस एसटीच्या आधीची. निजामाच्या रेल्वेनं 1932 मध्ये 27 गाड्यांवर ती सुरू केली होती. पितळी चौकटीचं तोंड असलेली डॉक्टरची बॅग मिळाली. कापसाच्या अडत्याची थैली मिळाली, तिला आत तीन कप्पे आणि प्रत्येक कप्प्याला वेगळी वादी. 1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो आणि नंतरही मनमाड–काचीगुडा मार्गावरच्या गाडीनं हैदराबादचा बाजार परभणीला जवळचा राहिला. म्हणून इथल्या कितीतरी बॅगा हैदराबादहून आलेल्या निघाल्या. प्रत्येकीसाठी मी वहीत एक ओळ लिहायचे. बॅग कुठं मिळाली, कुणी वापरली, कुणी बनवली.

बायकांच्या हँडबॅगा मात्र फार थोड्या मिळाल्या. कारण उघड आहे. हातात पर्स घेऊन रोज घराबाहेर पडणाऱ्या बायकाच त्या काळी थोड्या. नर्स, शिक्षिका, एखादी ग्रामसेविका. मला सगळ्यांत जवळची वाटणारी बॅग एका नर्सबाईंची. 2011 मध्ये त्यांच्या सुनेनं ती आणून दिली. वीतभर रुंदीची, लालसर, वर दोन पितळी मणी एकमेकांवर टक् करून बसणारे. तळाची शिवण उसवलेली होती आणि हात लावला की बोटाला लाल भुकटी लागायची. सालीत कमावलेल्या जुन्या चामड्याला हा रोग होतो. हवेतल्या गंधकी वायूंनी त्यात आम्ल तयार होतं आणि तंतू कुजत जातात. तो एकदा लागला की मागे फिरत नाही, थोपवता येतो इतकंच.

तिच्यावर मी आणि मामांनी पावसाळा धरून चार महिने काम केलं. पहिले दोन आठवडे फक्त मऊ ब्रश. "धूळ निघाल्याशिवाय तेल लावलं की चिखल होतो," हे मामांचं वाक्य. पाणी लावायचं नाही, कारण लाल भुकटीचं चामडं ओलं झालं की तिथल्या तिथं काळं आणि ठिसूळ होतं. संग्रहालयांत अशा चामड्याला सेल्युलोजपासून केलेला डिंक स्पिरिटात विरघळवून लावतात. तो पुण्याहून मागवला आणि पातळ हात दिला, तेव्हा भुकटी धरली गेली. मग अस्तर उसवलं, तर कोपऱ्यात 5 नये पैशांचं एक नाणं निघालं. 'नये पैसे' हे शब्द नाण्यांवर 1957 पासून जेमतेम सहा-सात वर्षं होते. ती बॅग कोणत्या काळात हिंडत होती, हे त्या नाण्यानं सांगितलं.

शिवताना मामांनी मला आरी लावू दिली नाही. जुन्या भोकांशेजारी नवी भोकं पाडली की चामडं तिकिटाच्या कागदासारखं त्या रेघेवर फाटतं. एकाच मेणलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक जुन्या भोकातून दोन्ही सुया समोरासमोर जाऊ द्यायच्या. एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. 118 भोकं होती. सगळी मी मोजली, कारण सगळ्यांतून मी सुई घातली.

2015 नंतर चित्र झपाट्यानं बदललं. त्या वर्षी राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि बैलाचं कातडं मिळेनासं झालं. मामांना दुरुस्तीचा तुकडा म्हशीचा, तोही चेन्नईकडून आलेला घ्यावा लागे. रेक्झिन आणि नायलॉननं तर गिऱ्हाईक आधीच नेलं होतं. 2020 च्या टाळेबंदीत मी स्वतः हलगर्जीपणा केला. बॅगा प्लास्टिकमध्ये बांधून ठेवल्या आणि श्रावणात उघडल्या तर नऊ बॅगांवर पांढरी बुरशी. हवेतला दमटपणा 65–70 टक्क्यांच्या वर गेला की चामड्यावर बुरशी धरते, हे मला माहीत होतं. तेव्हापासून सगळ्या बॅगा सुती कापडात, पोटात कोऱ्या कागदाचे बोळे, आणि महिन्यातून एकदा सावलीत वारा.

मामांचा मुलगा पुण्यात नोकरीला लागला, तेव्हा त्यांनी मला पेढे दिले. मुलानं लिंबाखाली बसू नये, हीच त्यांची आयुष्यभराची धडपड होती. 1927 मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली गुरं ओढण्याचं काम सोडा असं सांगितलं, त्यामागे जे दुःख होतं ते मामांच्या घरातही होतं. ज्या कामानं गावाचं पाणी चालायचं, ते करणाऱ्याला गावाच्या विहिरीवर जागा नव्हती. म्हणून ही कला संपत चालली याची हळहळ मी मामांपुढे कधी व्यक्त केली नाही. ती जपायची जबाबदारी त्यांच्या मुलावर टाकण्याचा मला अधिकार नाही. शिकायचं तर आपण शिकायचं, ज्यांना ती सक्ती कधी नव्हती त्यांनी.

2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी धाटणीच्या चपला दिसल्या आणि इथल्या कारागिरांचं नाव नव्हतं म्हणून महाराष्ट्रात संताप उसळला. पुढच्याच महिन्यात पॅरिसला जेन बर्किन यांनी वापरलेली एर्मेसची मूळ बॅग 86 लाख युरोंना विकली गेली. ओरखडे, झीज, स्टिकरच्या खुणा, सगळं तिच्यावर तसंच होतं. वापरणारीचं नाव जगाला ठाऊक होतं, तिच्यासाठी बॅग घडवणाऱ्या घराण्याचंही. ती बातमी वाचून मी माझी वही उघडली. वापरणाऱ्यांचा रकाना बहुतेक भरलेला आहे. कालवा, दवाखाना, अडत, शाळा, एसटी. 'कुणी बनवली' हा रकाना त्रेसष्ट ओळींत कोरा आहे. इतक्या वर्षांत इतक्या घरी विचारलं, एकाही घरात बनवणाऱ्याचं नाव कुणाला सांगता आलं नाही.

वडिलांच्या बॅगेचा पट्टा मामांनी 2005 मध्येच सांधला होता. तडकलेल्या जागी नवा तुकडा घातला, तो रंगानं फिका होता आणि मी रंगवून द्या म्हणाले होते. त्यांनी रंगवला नाही. "तुटलं होतं ते दिसू द्या," म्हणाले. गेल्या दिवाळीत ते पुण्याला मुलाकडे कायमचे राहायला निघाले, तेव्हा मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले आणि पहिल्या ओळीत 'दुरुस्ती' असा नवा रकाना आखून पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा पुसला, वही मांडीवर नीट घेतली आणि सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं काढत, आपलं पूर्ण नाव लिहिलं.