लिअरचं माळरान कुणाचं?
लेखमाला : टिपांसह नाटक वाचताना – लेखांक पाचवा

मागच्या लेखांकात आपण पानाच्या तळाशी येणाऱ्या शब्दार्थांच्या टिपा पाहिल्या. आज नजर थोडी वर न्यायची आहे, प्रवेशाच्या माथ्यावर असलेल्या चौकटी कंसाकडे. विद्यार्थी तो कंस वाचतात आणि पुढे जातात. तो लिहिला कुणी, हे क्वचितच कुणी विचारतं.

‘किंग लिअर’ची जुनी सटीप आवृत्ती घ्या आणि तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश उघडा. दोन थोरल्या मुलींनी झिडकारलेला म्हातारा राजा भर वादळात उघड्यावर उभा आहे, सोबत फक्त विदूषक. प्रवेशाच्या माथ्यावर स्थळ दिलेलं असतं : माळरान. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातला लिअर याच माळरानावर उभा असतो. चित्रकारांनी त्याला तिथे रंगवला, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांनीही तिथेच उभा केला. पण शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये माळरानासाठी असलेला ‘हीथ’ हा शब्द एकदाही येत नाही. ‘मॅकबेथ’मध्ये चेटकिणी ज्या माळावर भेटतात, तिथे हा शब्द शेक्सपिअरचाच आहे. ‘लिअर’मध्ये मात्र जुन्या छापील प्रती फार तर एवढंच सांगतात, की वादळ अजून चालू आहे. आसपास कित्येक मैल झुडूपही नाही, हे सरदार ग्लॉस्टरच्या बोलण्यातून कळतं. बाकी जागा प्रेक्षकाने कल्पायची.

मग माळरान आलं कुठून? १६८१ साली नेहम टेट या नाटककाराने ‘लिअर’ नव्याने लिहून काढलं. त्याने विदूषकाला रजा दिली, धाकटी मुलगी कॉर्डेलिया हिला जिवंत ठेवलं, ग्लॉस्टरचा मुलगा एडगर याच्याशी तिचं लग्न लावलं आणि लिअरला राज्य परत दिलं. ही सुखान्त शोकांतिका लंडनच्या रंगभूमीवर सुमारे दीडशे वर्षं चालली. विदूषक रंगमंचावर परतला तो १८३८ साली, नट मॅक्रेडीच्या प्रयोगात. याच टेटच्या तिसऱ्या अंकाच्या माथ्यावर ओसाड माळरान आहे. पुढे १७०९ साली निकोलस रो याने शेक्सपिअरची नाटकं संपादित केली, तेव्हा ते शेक्सपिअरच्या पानावर आलं. नंतरच्या संपादकांनी ते तसंच पुढे चालवलं. ज्या रूपांतराला आपण हसतो, त्यातलंच नेपथ्य आपल्या अभ्यासाच्या पुस्तकात जाऊन बसलं.

रोला दोष देण्यात अर्थ नाही. तो स्वतः नाटककार होता आणि त्याच्या काळची रंगभूमी रंगवलेल्या, बदलत्या पडद्यांची होती. तिथे प्रत्येक प्रवेशाला ठिकाण लागे. शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहात प्रयोग दुपारी, उजेडात होत. मागे चित्रांचा पडदा नसे. ढोल बडवून किंवा तोफेचा गोळा फळ्यांवर गडगडवून विजांचा कडकडाट काढत. वादळ ऐकू येई आणि नटाच्या शब्दांतून दिसे. रोने आपल्या काळातल्या वाचकासाठी पात्रांच्या याद्या दिल्या, पात्रांचं येणं-जाणं नीट नोंदवलं, अंक-प्रवेशांची घडी बसवली. आज आपण नाटकाचं पान म्हणून जे ओळखतो, ते घडवण्यात त्याचा हात मोठा आहे.

आता कंसापेक्षा बारीक खूण पाहू. नव्या सटीप आवृत्त्यांत काही ओळींना क्यू किंवा एफ अशी चिमुकली अक्षरं चिकटलेली असतात. क्यू म्हणजे क्वार्टो, कागद दोनदा दुमडून केलेलं छोटं पुस्तक. ‘लिअर’चा क्वार्टो १६०८ सालचा. एफ म्हणजे फोलिओ, एकदाच दुमडलेल्या मोठ्या कागदांचा ग्रंथ. शेक्सपिअर १६१६ साली वारला. १६२३ साली त्याच्या सोबतच्या दोन नटांनी, हेमिंग्ज आणि कॉन्डेल यांनी, ३६ नाटकं फोलिओत एकत्र आणली. ‘लिअर’च्या क्वार्टोत फोलिओत नसलेल्या सुमारे ३०० ओळी आहेत आणि फोलिओत क्वार्टोत नसलेल्या सुमारे १००. पाठभेद ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती याच अडचणीपायी.

इथले पाठभेद नाटकच बदलतात. लिअर आपल्या मुलींवर खोटा खटला चालवतो, तो वेडाचा प्रसंग फक्त क्वार्टोत आहे. शेवटी हृदयाला फुटून जायला सांगणारं वाक्य क्वार्टोत मरणाऱ्या लिअरच्या तोंडी आहे, तर फोलिओत त्याच्याकडे पाहणाऱ्या इमानी सरदार केंटच्या. फोलिओतला लिअर मरता मरता कॉर्डेलियाच्या ओठांकडे पाहायला सांगतो. तिचा श्वास दिसल्याच्या भ्रमात तो जातो असं वाटतं. क्वार्टोत त्या ओळी नाहीत, नुसतं कण्हणं आहे. नाटकाचं शेवटचं भाषण क्वार्टोत लिअरचा जावई ऑल्बनी करतो, फोलिओत एडगर. म्हणजे पुढे राज्य कुणी सावरायचं, याचा सूरही दोन ठिकाणी वेगळा लागतो.

जुने संपादक दोन्ही पाठ एकत्र विणून एकच ‘लिअर’ देत, आणि विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या तोच शिकल्या. १९८६ साली ऑक्सफर्डच्या संपादकांनी दोन्ही पाठ स्वतंत्र नाटकं म्हणून छापले. १९९७ च्या आर्डन आवृत्तीत संपादक फोक्स यांनी संहिता एकच ठेवली, पण कुठली ओळ कुठून आली हे त्या चिमुकल्या अक्षरांनी दाखवलं. अभ्यास करणाऱ्याला ही दुसरी रीत अधिक उपयोगाची, असं माझं मत आहे. विणकर कुठे गाठ मारतो, ते तिच्यात दिसतं.

संपादक हाही शेवटी एक वाचक असतो. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७६५ च्या आपल्या आवृत्तीत या नाटकावर लिहिताना कबूल केलं आहे, की कॉर्डेलियाच्या मरणाचा त्यांना इतका धक्का बसला होता, की संपादनाचं काम अंगावर येईपर्यंत शेवटचे प्रवेश पुन्हा वाचायचं धाडस त्यांना झालं नाही. व्यासंगाचा एवढा मोठा डोंगर, पण तोही या एका मरणापुढे हलला. शंभर शब्दार्थांतून जे हाती लागत नाही, ते अशा एका टिपेतून लागतं.

लिअर उभा कुठे आहे, हा प्रश्न मराठी रंगभूमीने आपल्या रीतीने सोडवला आहे. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) आप्पासाहेब बेलवलकरांच्या, म्हणजे मराठी लिअरच्या, वाट्याला इंग्लंडातलं माळरान आलं नाही. ते बेघर झाले आणि बूटपॉलिश करणाऱ्या राजा नावाच्या पात्राच्या सोबतीला येऊन बसले. वादळ मात्र त्यांच्या बोलण्यातून उठलं. ग्लोबमध्येही ते तसंच उठत असे.

या आठवड्यासाठी एक छोटा गृहपाठ. तिसरा अंक काढा, चौकटी कंसांतल्या सगळ्या सूचनांवर कागदाच्या पट्ट्या ठेवा आणि दुसरा प्रवेश मोठ्याने वाचा. टिपा त्यानंतर पाहा. लिअर कुठे उभा आहे, हे आधी तुमच्या कानांना ठरवू द्या. पुढच्या लेखांकात आपण शेरिडनच्या ‘द रायव्हल्स’कडे, म्हणजे हसण्याच्या टिपांकडे वळू. तोवर पट्ट्या काढू नका.