केबिनमधला संसार

लांब पल्ल्याच्या ट्रकवरचा माणूस वर्षातले किती दिवस घरी असतो, हे त्याच्या घरच्या मंडळींना विचारावे. लासलगाव-पिंपळगावचा कांदा घेऊन गुवाहाटीला गेलेली गाडी परतीचे भाडे मिळेपर्यंत तिकडेच थांबते. ते भाडे नाशिकचेच असेल असेही नाही. महिना-दीड महिना माणूस केबिनमध्येच राहतो. झोप तेथेच, स्वयंपाक तेथेच, आंघोळ पेट्रोल पंपावरच्या नळावर. घरभाडे नाही, वीजबिल नाही. मालकाने दिलेल्या खर्चीतून जे उरेल ते घरी पाठवायचे, म्हणून ड्रायव्हर आणि क्लिनर दोघेही हात आखडता घेतात. या काटकसरीला नावे ठेवण्याचे कारण नाही, मुलांची फी त्यातूनच भरली जाते. पण कोणती काटकसर करावी आणि कोणती करू नये, एवढे मात्र सांगितले पाहिजे.

हाताने स्वयंपाक करणे उत्तमच. ढाब्यावरच्या तेलकट भाजीपेक्षा वरण-भात स्वस्त पडतो आणि रक्तदाब असणाऱ्याला मिठावर लक्ष ठेवता येते. मात्र शेगडी गाडीबाहेर, मोकळ्यावर पेटवावी. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीत काचा लावून आत स्टोव्ह पेटवतात, किंवा घमेल्यात निखारे ठेवून झोपतात. बंद जागेत ज्वलन अपुरे होते व कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदूला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. झोपलेल्याला तर यातले काहीच कळत नाही. असा माणूस आढळला तर प्रथम दोन्ही दारे उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा. कांदा हुंगवणे, तोंडात लिंबू पिळणे यात वेळ घालवू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालणे धोक्याचे असते.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. सोय चांगली आहे. परंतु थंडाव्यासाठी इंजिन चालू ठेवून काचा बंद करून रात्रभर झोपू नये. सायलेन्सरच्या पाइपाला गळती असेल तर हाच वायू आत येतो.

दुसरी वाईट काटकसर झोपेची. सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाचे हातपाय, रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम मद्यार्क असल्यासारखे मंद चालतात. आपल्या कायद्यात मर्यादा ३० ची आहे! पहाटे दोन ते पाच ही वेळ सर्वांत वाईट. २०२५ पर्यंत लागू असलेला मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा होता आणि त्यात दिवसाला आठ तासांचे काम लिहिले होते, पण माल वेळेत पोहोचवायचा तर तो कायदा कोणाला आठवत होता? निदान पापण्या जड झाल्या की गाडी सुरक्षित जागी लावून चहा प्यावा व वीस मिनिटे पडावे. चहाचा परिणाम दिसायलाही तेवढाच वेळ लागतो. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. दुकानातून गोळी घेताना 'गाडी चालवायची आहे' असे आवर्जून सांगावे. घोरणारा, जाड मानेचा ड्रायव्हर दिवसा पेंगत असेल तर त्याची तपासणी करून घ्यावी.

वारंवार उतरावे लागू नये म्हणून पाणी कमी पिणारे पुष्कळ. आमच्याकडे मूतखड्याचे जे रुग्ण येतात, त्यांत ड्रायव्हर बरेच असतात. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडते आहे असे समजावे.

मधुमेह असलेल्यांचा प्रश्न नाजूक आहे. "डॉक्टरसाहेब, रस्त्यात सुई कुठे ठेवू?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो. उन्हाळ्यात बंद केबिनमध्ये इन्सुलिन खराब होते. बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून मातीच्या लहान मडक्यात ठेवावी, मडक्याला ओले फडके गुंडाळावे व ते सावलीत ठेवावे. डॅशबोर्डवर कधीही ठेवू नये. गोळी किंवा सुई घेऊन उपाशीपोटी गाडी चालवू नये. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी येताच गाडी थांबवून साखर खावी. ती खिशात असावीच.

व्यावसायिक लायसन्स आता पाच वर्षांनी नूतनीकरणास येते. त्यासाठीचा १-अ नमुन्यातील दाखला न तपासता सही करून देणारे डॉक्टर आमच्याच व्यवसायात आहेत, हे खेदाने लिहावे लागते. त्या निमित्ताने डोळे, रक्तदाब, साखर तपासून घेतली तर खर्च फार होत नाही. एच.आय.व्ही.ची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते, नाव गुप्त राहते, आणि औषधेही २००४ पासून मोफत आहेत.

घरच्या मंडळींसाठी एक काम. रक्तगट, चालू औषधे, वावडे असलेले औषध आणि घरचा फोन नंबर एका कागदावर लिहून त्याची एक प्रत लायसन्सच्या पाकिटात ठेवावी, दुसरी घरी. परराज्यातल्या डॉक्टरला मराठी वाचता येणार नाही, तेव्हा औषधांची नावे इंग्रजीत लिहून घ्यावीत. मुलगा-मुलगी शाळेत असेल तर त्यांच्याकडूनच.