कायद्याची प्रवेश परीक्षा : गुण वाढवायचे ते कसे?



बेणे, लागण, हुमणी आणि ठिबक हे आमचे नेहमीचे विषय. त्या पानावर परीक्षेचा विषय कसा काय आला, असे काहींना वाटेल. कारण साधे आहे. आम्ही प्लॉट पाहायला आलो की उसाचे बोलणे अर्ध्या तासात उरकते, आणि मग चहाबरोबर मुलांचा विषय निघतो. “साहेब, पोरीला वकिलीला घालायचं म्हणतोय. ती कसली सीईटी असते म्हणे. पुण्याचा क्लास लावावा का?” गेल्या दोन-तीन हंगामांत हा प्रश्न आम्हाला जवळजवळ प्रत्येक गटात ऐकायला मिळाला. उसाच्या बिलातली मोठी रक्कम त्या एका उत्तरावर खर्ची पडायची असते. म्हणून परीक्षेची माहिती आणि कार्यक्षेत्रातील काही मुलांचे सराव पेपर पुढे ठेवून हे चार शब्द लिहीत आहोत.

परीक्षा कोणती?

आपल्या राज्यातील विधी महाविद्यालयांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे २०१६ पासून सीईटी घेतली जाते. बारावीनंतरचा ५ वर्षांचा अभ्यासक्रम आणि पदवीनंतरचा ३ वर्षांचा अभ्यासक्रम यांच्या परीक्षा वेगळ्या आहेत. २०२५ च्या परीक्षेत १२० प्रश्न, १२० गुण आणि वेळ २ तास होता. पेपर संगणकावर असतो. प्रश्न इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत असतात. इंग्रजीचा विभाग अर्थातच इंग्रजीत. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

दुसरी परीक्षा म्हणजे क्लॅट. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी ती देशभर होते. महाराष्ट्रात अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. क्लॅट बहुधा डिसेंबरात होते, पूर्णपणे इंग्रजीत असते, उतारे वाचून उत्तरे द्यावी लागतात आणि चुकीच्या उत्तरामागे पाव गुण जातो. दोन्ही परीक्षा देणाऱ्या मुलाला हा फरक पक्का माहीत हवा. एकीकडे प्रश्न सोडणे तोट्याचे, तर दुसरीकडे अंदाजाने ठोकणे तोट्याचे.

गुण कुठे आहेत ते आधी पाहा

५ वर्षांच्या सीईटीत २०२५ साली कायदेविषयक तर्क ३२, सामान्यज्ञान व चालू घडामोडी २४, तार्किक विचार ३२, इंग्रजी २४ आणि गणित ८ अशी वाटणी होती. दोन्ही तर्क मिळून ६४ गुण होतात, म्हणजे निम्म्याहून जास्त. यांतले बरेचसे गुण पाठांतराचे नाहीत. असे असताना आमची मुले सामान्यज्ञानाचे जाडजूड पुस्तक छातीशी धरून बसतात. २४ गुणांच्या तुकड्याला सगळे पाणी आणि ६४ गुणांचे रान कोरडे, असा हा प्रकार झाला.

३ वर्षांच्या परीक्षेत चित्र उलटे आहे. तेथे इंग्रजी ४०, सामान्यज्ञान ३२, आणि दोन्ही तर्क २४-२४. म्हणजे १२० पैकी ७२ गुण इंग्रजी आणि सामान्यज्ञानाचे. बी.ए., बी.कॉम. झालेल्या मुलाने बारावीच्या मुलाचे वेळापत्रक उसने घेतले तर त्याचे श्रम वाया जातात. अर्ज भरताना त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचून प्रश्नांची संख्या व वाटणी पुन्हा ताडून पाहावी, कारण ती बदलू शकते.

आधी परीक्षण, मग मात्रा

माती परीक्षण न करता एकरी पोती टाकू नका, हे आम्ही सांगून दमलो आणि तुम्ही ऐकून दमलात. परीक्षेच्या अभ्यासातही नेमके हेच होते. गुण कमी पडले की घरचे म्हणतात, “अजून वाच, रात्रभर बस.” पण कमी काय पडले हे कोणी पाहत नाही.

आमच्या कार्यक्षेत्रातील एका सभासदाच्या मुलीने आपली सराव पेपरांची वही आम्हाला दाखवली. पहिल्या पेपरात तिला १२० पैकी ६१ गुण होते. म्हणजे ५९ गेले. तिने त्या ५९ प्रश्नांची तीन खाती केली. माहीतच नव्हते असे २१. येत होते पण वाचताना चुकले असे २४. वेळ संपला म्हणून राहिले असे १४. आता या तीन खात्यांना औषध एकच कसे चालेल?

पहिल्या खात्याला अभ्यासच हवा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण हे खाते २१ चेच आहे. दुसरे खाते त्याहून मोठे आहे, आणि तेथे पुस्तक वाढवून काही उपयोग नाही. प्रश्नात ‘नाही’ होते ते डोळ्यांआड गेले, ‘वगळता’ हा शब्द सुटला, ‘सर्वांत योग्य’ म्हटले असताना पहिला बरा वाटला तोच पर्याय टिपला. याला उपाय म्हणजे चुकलेला प्रश्न वहीत उतरवून कोणता शब्द निसटला ते त्याखाली लिहिणे. कंटाळवाणे काम आहे, पण पाच-सहा पेपरांनंतर आपली खोड आपल्यालाच दिसू लागते.

तिसऱ्या खात्यातले १४ प्रश्न तिने कोरे सोडले होते. गुण कापले जात नसताना कोरा प्रश्न सोडणे म्हणजे तोडलेला ऊस फडातच टाकून येणे. चार पर्यायांतून नुसता अंदाज केला तरी सरासरीने चारांत एक बरोबर येतो. म्हणजे १४ मध्ये तीन-चार गुण पदरात. दर प्रश्नाला एकच मिनिट मिळते, म्हणून पहिल्या फेरीत सोपे प्रश्न उरकावेत, अडलेल्यावर खूण करून पुढे जावे, दुसऱ्या फेरीत खुणेचे प्रश्न घ्यावेत आणि शेवटची पाच मिनिटे एकही प्रश्न कोरा राहू नये यासाठी ठेवावीत.

या मुलीने दर रविवारी एक पेपर घड्याळ लावून सोडवला आणि सोमवार-मंगळवार फक्त त्या पेपराच्या चुकांना दिले. आठव्या पेपरात ८३ गुण आले. दुसरे खाते २४ वरून ९ वर आले होते. जास्तीत जास्त वाढ तेथूनच झाली. रोज एक पेपर सोडवून चुका न पाहणारी मुलेही आम्ही पाहिली. त्यांचे गुण जिथल्या तिथे राहतात.

शेततळे फुटले तर?

कायदेविषयक तर्क म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. प्रश्नात एक तत्त्व दिलेले असते आणि एक हकिकत. तत्त्व असे : ‘सुटून बाहेर गेल्यास नुकसान करील अशी वस्तू जो आपल्या जमिनीत स्वतःच्या उपयोगासाठी आणून साठवतो, तो ती सुटून झालेल्या नुकसानीस जबाबदार असतो, मग त्याचा निष्काळजीपणा असो वा नसो.’ हकिकत अशी : एका शेतकऱ्याने जाणकार ठेकेदाराकडून मोठे शेततळे बांधून घेतले. जमिनीखालच्या जुन्या पोकळीतून पाणी सुटले आणि शेजाऱ्याचा खोडवा वाहून गेला. पोकळीची कोणालाच कल्पना नव्हती. शेतकरी जबाबदार का?

आपले पोरगे म्हणते, “त्याची काय चूक? त्यानं तर चांगला माणूस लावला होता.” गावकीच्या बैठकीत हे उत्तर चालेल, पण परीक्षेत गुण जातो. तत्त्वातच म्हटले आहे की निष्काळजीपणा असो वा नसो. उत्तर : जबाबदार. दिलेले तत्त्व मनाविरुद्ध असले तरी तेच धरून चालायचे, ही या विभागाची पहिली आणि शेवटची शिकवण.

हा दाखला मुळात इंग्लंडमधला आहे. रायलंड्स या गिरणीमालकाने बांधून घेतलेल्या तलावाचे पाणी जुन्या खाणींतून फ्लेचर याच्या कोळशाच्या खाणीत शिरले, आणि १८६८ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने रायलंड्सला जबाबदार धरले. पुढे १८७६ च्या दुसऱ्या एका खटल्यात, कधी न झालेल्या अतिवृष्टीने तळी फुटली तर ती दैवी आपत्ती, असा अपवाद मानला गेला. आपल्याकडे दिल्लीत डिसेंबर १९८५ मध्ये झालेल्या वायुगळतीनंतर एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले. धोकादायक उद्योगाला असे अपवाद पुढे करून सुटता येणार नाही, असे ठरवले. पाणी, बांध, तळे यांत वाढलेल्या मुलाला हे चटकन समजते. घरी जेवताना अशी एखादी हकिकत घालून “तत्त्व काय सांगतं?” असे विचारा. यासाठी क्लास लागत नाही.

तार्किक विचाराचेही तसेच. ‘ठिबक असलेल्या शेतांत ऊस जास्त निघतो, म्हणून ठिबकमुळेच उत्पन्न वाढते’ या वाक्यात काय कच्चे आहे? ठिबक करणाऱ्याची जमीन आधीच कसदार असेल, त्याने खतही वेळेवर दिले असेल. म्हणूनच तर आम्ही प्रात्यक्षिक प्लॉटशेजारी साधा प्लॉट ठेवतो. ज्याला हे कळले त्याला निम्मे प्रश्न कळले.

इंग्रजी, सामान्यज्ञान आणि जुनी पुस्तके

इंग्रजीची धास्ती पुष्कळांना असते. रोज एक छोटा उतारा वाचून त्यातले पाच शब्द वाक्यासकट वहीत लिहिले तर चार महिन्यांत सहाशे शब्द होतात. नुसती शब्दांची यादी पाठ करून टिकत नाही. सामान्यज्ञानासाठी एक वर्तमानपत्र नेमाने वाचावे आणि भारताच्या संविधानाची मराठी प्रत घरात ठेवावी. कायद्याचा मराठी शब्द अडला तर भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ उपयोगी पडतो.

एक इशारा मात्र द्यायला हवा. चुलतभावाचे वा शेजाऱ्याचे जुने पुस्तक फुकट मिळते म्हणून घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून १८६० ची भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली. फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा यांचे कायदेही बदलले. खुनाची शिक्षा म्हणून ३०२ आणि फसवणुकीचे ४२० अजून सगळ्यांच्या तोंडी आहेत. नव्या संहितेत त्या जागी कलम १०३ आणि कलम ३१८ आले. ज्या पुस्तकात हा बदल नाही ते बाजूला ठेवावे.

पेपर संगणकावर असल्याने हाताला माऊसची सवय हवी. मोबाईलवर सराव केलेले मूल परीक्षा केंद्रात पहिली दहा मिनिटे चाचपडते. शाळेच्या किंवा गावातल्या सेवा केंद्राच्या संगणकावर निदान चार पेपर सोडवावेत. क्लॅटच्या मागील प्रश्नपत्रिका त्या विद्यापीठांच्या संघाच्या संकेतस्थळावर मिळतात. सीईटीच्या मुलांनाही त्यांतले तर्काचे उतारे सरावाला चांगले.

गुण मिळाले आणि कागद अडला

चांगले गुण मिळूनही जागा हुकते ती कागदांपायी. बारावीला किंवा पदवीला खुल्या गटात किमान ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला यांपैकी जे लागू असतील ते निकालाची वाट न पाहता काढून ठेवावेत. अर्ज हिवाळ्यात सुटतात तेव्हा आपली तोडणी ऐन भरात असते, टोळी आणि ट्रॅक्टर यांच्या मागे तारीख विसरली जाते. घरातल्या एकाने हे काम अंगावर घ्यावे.

मुलींच्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के लाभ दिला आहे. पसंतीक्रम भरण्यापूर्वी त्या महाविद्यालयाला तो लागू आहे का, हे विचारून घ्यावे.

क्लास लावावा का?

आमचे उत्तर असे : आधी दोन पेपर घरी सोडवा आणि तीन खाती मांडा. पहिले खाते फार मोठे असेल, घरात विचारायला कोणी नसेल, तर जरूर लावा. दुसरे-तिसरे खाते मोठे असेल तर पैसे राखून ठेवा, कारण आपली चूक आपल्यालाच पाहायची आहे. ते काम दुसऱ्याला ठेक्याने देता येत नाही.

आणि “कुठंच नाही लागला तर वकिली कर” हे बोलणे घरातून बंद करावे. वाटप, बांध, पाण्याची पाळी, भूसंपादन यांत आपली किती वर्षे जातात हे तुम्ही जाणता. उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत ही तरतूद १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिली गेली. पण असा कागद स्वतः वाचून अर्थ सांगणारे माणूस आपल्या किती वाड्यांत आहे? ते आपल्याच घरातून तयार व्हावे. सराव पेपराची वही घेऊन कोणी मूल गट कार्यालयात आले, तर माती परीक्षणाच्या अहवालाइतक्याच आस्थेने आम्ही ती पाहू.

— ऊस विकास अधिकारी