आठ कोन आणि मधला काळा ठिपका

अंधेरी, पार्ले, घाटकोपर, मुलुंडच्या जुन्या बिल्डिंगींत जिन्याच्या चौकात कधी खाली बघा. पांढऱ्या अष्टकोनी लाद्या आणि चार लाद्यांच्या मधोमध तिरका काळा चौकोन. 1922 साली स्वदेशीच्या काळात सुरू झालेल्या मुंबईच्या भारत टाइल्ससारख्या कंपन्यांनी सिमेंटच्या नक्षीदार लाद्या घरोघर पोचवल्या.

आता गणित. सुसम अष्टकोनाचा कोन 135 अंशांचा, चौरसाचा 90. 135+135+90 = 360, म्हणजे फट राहत नाही. नुसता एकच सुसम आकार वापरायचा तर समभुज त्रिकोण, चौरस आणि षटकोन एवढेच जमतात. सुसम आकार मिसळायचे, पण प्रत्येक कोपऱ्यावर मांडणी तीच ठेवायची, तर प्रकार फक्त आठ! केप्लरने (हो, ग्रहांच्या कक्षांवालाच) 1619 मध्ये त्यांचा अभ्यास छापला.

गंमत म्हणजे बेरीज जुळली की काम झालं असंही नाही. दोन सुसम पंचकोन आणि एक सुसम दशकोन: 108+108+144 = 360. पण लावत गेलात की पुढे अडकताच. पंचकोनाच्या बाजूंना पंचकोन आणि दशकोन आलटून-पालटून शेजारी यायला हवेत, पण बाजू पाच, त्यामुळे ते बसतच नाहीत.

एक खोच: आपल्या बहुतेक लाद्यांत काळा ठिपका लहान असतो, म्हणजे अष्टकोन सुसम नसतो. तो सुसम व्हायला 20 सेंटिमीटरच्या लादीला ठिपक्याची बाजू सुमारे 8.3 सेंटिमीटर हवी.

बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार असेल, तर आधी ठिपक्याला पट्टी लावून मोजा आणि फोटो काढून ठेवा.